सहा लाखांची ठेव

झाशीला गेलेला मराठी माणूस किल्ला बघतो, राणीने घोडा उडवला ती जागा बघतो आणि परततो. लक्ष्मी तालाकडे फारसं कुणी वळत नाही. तिथे काठावर राजे गंगाधररावांची छत्री आहे, राणी लक्ष्मीबाईंनी बांधलेली, आणि जवळच महालक्ष्मीचं देऊळ. राज्य कसं गेलं ते किल्ल्यावर कळतं. पैसा कसा गेला, ते इथे.

गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. दामोदररावांना आदल्याच दिवशी दत्तक घेतलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केलं. राणीला दरमहा पाच हजारांचा तनखा मिळाला आणि नवऱ्याचं कर्ज त्यातूनच फेडायला सांगितलं. देवीला लावून दिलेली गावंही काढून घेतली. खजिन्यातले सहा लाख रुपये मात्र दामोदररावांच्या नावे, ते सज्ञान होईपर्यंत, कंपनीने स्वतःकडे ठेवले. म्हणजे हा मुलगा गादीला वारस नव्हता, ठेवीला होता! पुढे त्याच्या मुंजीसाठी राणीने त्यातले एक लाख मागितले, तेव्हा चार जामीनदार द्यावे लागले. घरच्याच पैशाला बाहेरचे जामीन.

दोष सगळा कंपनीचाही नाही. आधीचे राजे रघुनाथराव यांनी ग्वाल्हेर आणि ओरछाकडे गावं गहाण टाकली होती. राजाची थैली आणि राज्याचा खजिना यांत आपल्याकडे भिंत नव्हतीच. राजा गेला की दोन्हींवर एकदमच टाच.

या बाबतीत कोरियाचा सम्राट गोजोंगही काही फार वेगळा नव्हता. पण १८९९ मध्ये त्याने राजवाड्याचा पैसा घालून सोलमध्ये देहान चोनिल बँक उभी केली. भागधारक फक्त कोरियन असावेत, अशी अट होती. वह्या केसोंगच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या दुहेरी नोंद पद्धतीने लिहिल्या जात. १९१० मध्ये जपानने देश गिळला, बँक राहिली. तिचं नाव बदललं, ती नव्या धन्यांच्या चाकरीत गेली. टिकण्याची ही किंमत थोडी नव्हे, आणि कोरियन बँकांच्या कौतुकात ती सहसा सांगितली जात नाही. पुढे १९९७ च्या आर्थिक संकटात ती डबघाईला आली, सरकारी पैशावर सावरली, दुसऱ्या बँकेशी एकत्र झाली. आज ती वूरी बँक म्हणून ओळखली जाते. मुंबईतही तिची शाखा आहे. त्या पहिल्या वह्या अजून जपलेल्या आहेत.

झाशीच्या वह्या कुठे शोधायच्या? १८५८ मध्ये इंग्रजी फौजेने केलेल्या लुटीत शहरातलं सोनंनाणं गेलं, भांडीकुंडी गेली, राजवाड्यातला ग्रंथसंग्रहही गेला. सम्राटाचं राज्य बुडालं तरी त्याची बँक मागे उरली. झाशीच्या राजाच्या मागे उरला एक मुलगा, आणि त्याचा हिशेब परक्याच्या दप्तरात.

दामोदरराव १९०६ मध्ये इंदूरला वारले. ती ठेव त्यांना कधीच परत मिळाली नाही.