पौलाचा भाचा

(प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २३, वचनें १२ ते ३५ वाचावीं.)



यरुशलेमेंत चाळिसांहून अधिक मनुष्यांनीं शपथ वाहिली कीं, पौल जिवंत असेपर्यंत अन्नपाण्यास शिवावयाचें नाहीं. हे लोक दरोडेखोर नव्हते. आपण देवाचेंच काम करीत आहों अशी त्यांची खातरी होती, आणि मुख्य याजकांनाही त्यांनीं मसलतींत घेतलें होतें. ही गोष्ट पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानीं गेली. कशी गेली तें शास्त्र सांगत नाहीं. गप्प बसणें त्यास सोपें होतें. परंतु तो गढींत गेला, मामास भेटला, आणि मामानें पाठविल्यावरून सरदारापुढें उभा राहून जें ऐकलें तेवढेंच त्यानें सांगितलें. त्याच रात्रीं २०० शिपाई, ७० स्वार व २०० भालेकरी ह्यांच्या पहाऱ्यांत पौल कैसरियाच्या वाटेस लागला.

ज्या मामासाठीं हा मुलगा धांवला, तोही तरुणपणीं ह्या चाळिसांपैकींच शोभला असता. स्तेफनावर धोंडे पडत असतां मारणाऱ्यांचीं वस्त्रें त्याच्याच पायांपाशीं होतीं. म्हणून असा तरुण आतां कायमचा गेला, असें म्हणण्याचा अधिकार आम्हां ख्रिस्ती लोकांस तरी नाहीं.

हें दुखणें शेजाऱ्याच्या घरचें आहे, आपल्या घरचें नव्हे, अशी कोणाची समजूत असेल तर त्यानें पुढील हकीकत वाचावी. अमेरिकेंतील चार्ल्स्टन शहरीं कृष्णवर्णी ख्रिस्ती लोकांची इमॅन्युएल नांवाची जुनी मंडळी आहे. १७ जून २०१५ रोजीं, बुधवारीं सायंकाळीं, तेथें थोडीं माणसें शास्त्राभ्यासास बसलीं होतीं. मार्काच्या चौथ्या अध्यायांतील पेरणाऱ्याचा दाखला चालला होता. २१ वर्षांचा एक अनोळखी गोरा तरुण आंत आला. पाळक क्लेमेंटा पिंकनी ह्यांनीं त्यास आपल्याजवळ बसवून घेतलें. बराच वेळ तो बसला, आणि शेवटच्या प्रार्थनेस सर्वांनीं डोळे मिटले तेव्हां त्यानें पिस्तूल चालविलें. पाळकांसुद्धां नऊ जण मेले; त्यांत ८७ वर्षांची एक बाई होती.

हा तरुण कोण होता? लूथरन मंडळींत नांव दाखल असलेला, म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच प्रॉटेस्टंट. मेलेल्यांपैकीं दोघे पाळक त्याच मंडळीच्या धर्मविद्यालयांत शिकलेले होते. इंटरनेटवर एकट्यानें वाचून वाचून त्यानें काळ्या लोकांविषयींचा द्वेष मनांत सांठविला होता. आणि त्याच्या एका मित्रास हा बेत आधींच कळला होता. दारूच्या नशेंत तो बोलून गेला होता. मित्रानें त्याचें पिस्तूल लपवून ठेविलें, मग परत दिलें. पिस्तूल लपविण्यापुरती त्यास भीति वाटली, कोणास सांगण्यापुरती वाटली नाहीं. हत्येनंतरही तो तपासणाऱ्यांशीं खोटें बोलला, आणि २०१७ सालीं त्यास २७ महिन्यांची कैद झाली.

ह्याच्या उलट दुसरें उदाहरण त्याच देशांतलें आहे. १९७८ पासून १९९५ पर्यंत कोणी एक मनुष्य बाँब पाठवून लोकांस मारीत असे; तिघे मेले, २३ जखमी झाले. १९९५ सालीं त्याचा एक लांबलचक निबंध वर्तमानपत्रांत छापला गेला. डेव्हिड काझिन्स्की ह्याच्या पत्नीस प्रथम शंका आली कीं, हें आपल्या दिराचें लिहिणें असावें. डेव्हिडनें भावाचीं जुनीं पत्रें काढून ताडून पाहिलीं. सांगावें तर भाऊ फांशीं जाईल, न सांगावें तर आणखी कोणी मरेल! त्यानें सांगितलें. ३ एप्रिल १९९६ रोजीं भाऊ धरला गेला. मग त्यास फांशी होऊं नये म्हणून हाच डेव्हिड झटला, आणि १९९८ सालीं शिक्षा झाली ती जन्मठेपेची. भावास धरून देणें आणि त्याच्या जीवाची भीक मागणें, हीं दोन्ही कामें एकाच मनुष्यानें केलीं.

आतां ओळखावें कसें? वेशावरून नव्हे, जातीवरून नव्हे, कोणी फार प्रार्थना करितो ह्यावरून तर मुळींच नव्हे. अन्याय पाहून तरुणाचें रक्त तापणें हाही गुन्हा नव्हे. कित्येकदां तो गुणच असतो. परंतु ज्यानें जुने सोबती एकाएकीं तोडले, जो एखाद्या समाजास माणूस म्हणेनासा झाला, किडेमुंग्या म्हणूं लागला, मारेकऱ्यांचे गोडवे गाऊं लागला, रक्तावांचून उपाय नाहीं असें वारंवार बोलूं लागला, त्याच्याकडे लक्ष द्यावें. आधीं त्याच्याजवळ बसावें, त्याच्याबरोबर भाकरी खावी, त्याचें म्हणणें पुरतें ऐकावें. मग पाळकास सांगावें. मात्र हत्यार दिसलें, कोणास मारावयाचें त्याचें नांव कानीं आलें, किंवा दिवस ठरल्याचें कळलें, तर रविवारची वाट पाहूं नये. पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यांत जावें, नाहींतर ११२ हा क्रमांक फिरवावा. डोळ्यांनीं पाहिलेलें निराळें सांगावें, ऐकीव निराळें सांगावें. बांधाच्या तंट्याचा किंवा भाऊबंदकीचा सूड घेण्यास कोणी हा मार्ग धरील, तर नववी आज्ञा त्याच्या आड उभी आहे. खोट्या कागाळ्यांचा ताप आपल्यांपैकीं कित्येकांनीं स्वतः सोसला आहे. तो दुसऱ्यास देऊं नये.

उपदेशक बंधूंनो, एक शब्द तुमच्यासाठीं. डेव्हिडचें नांव गुप्त राखण्याचें वचन असूनही तें बाहेर फुटलें. पौलाच्या भाच्याचें नांव आजतागायत कोणास ठाऊक नाहीं. सरदारानें त्या मुलाचा हात धरला, त्यास एकीकडे नेलें, काय सांगावयाचें आहे तें विचारलें, आणि आपण भेटल्याचें कोणाजवळ बोलूं नको, असें बजावून घरीं पाठविलें. एखादी आई पदरानें डोळे पुशीत तुमच्या दारीं येईल, आपल्याच मुलाविषयीं कांहीं सांगूं लागेल. तिला ओसरीवर चारचौघांत बोलावयास लावूं नका. आंत घ्या, दार लोटा, आणि तिचें बोलणें संपेपर्यंत मध्येंच उपदेश करूं नका.