देवापुढचे व्याकरण

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. मराठीचे पाणिनी म्हणून त्यांचा गौरव होतो तो या ग्रंथामुळे. याच माणसाने आयुष्यात दुसरे एक काम, धर्मसुधारणेचे, तितक्याच तळमळीने केले. १८४४ साली सुरतेत दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने मानवधर्म सभा आणि १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी, या दोन्हींच्या उभारणीत ते पुढे होते. परमहंस मंडळीत येणाऱ्याला जातिभेद मानणार नाही, अशी प्रतिज्ञा करावी लागे. भाषेत विभक्ती आणि प्रयोग यांची काटेकोर शिस्त लावणारे दादोबा देवाच्या दारात मात्र कोणालाही अडवायला तयार नव्हते.

तर्खडकरांचे मूळ गाव वसईजवळचे तर्खड. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. दादोबांच्या आयुष्यात ज्या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या, त्यांच्यातला ताण ठाण्यात आजही जाणवतो. शहरातल्या वर्तकनगरची वस्ती कोकणातून, घाटावरून, खानदेशातून आलेल्या माणसांची. प्रत्येकाची बोली वेगळी, घरातला देव वेगळा. पण धर्माविषयी, श्रद्धेविषयी चार ओळी लिहायची वेळ आली की अनेकांचा हात अडखळतो. आपले शुद्धलेखन कच्चे आहे, लोक काय म्हणतील, ही धास्ती. तेव्हा प्रश्न सरळ विचारलेला बरा. व्याकरण चुकले तर प्रार्थना चुकते का? आणि ज्याला व्याकरण येत नाही, त्याने सत्याविषयी बोलावे की नाही?

प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. पतंजलींनी ‘महाभाष्या’च्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, व्याकरण का शिकायचे, याची कारणे दिली आहेत. पहिलेच कारण धार्मिक आहे: वेदांचे रक्षण. पुढे ते वृत्राच्या कथेचा दाखला देतात. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता, म्हणून त्याने यज्ञात ‘इंद्रशत्रु’ हा शब्द योजला. या सामासिक शब्दात शेवटच्या अक्षरावर उदात्त स्वर दिला तर तो तत्पुरुष होतो आणि अर्थ निघतो, ‘इंद्राला मारणारा’. तोच स्वर पहिल्या पदावर पडला तर शब्द बहुव्रीही होतो आणि अर्थ उलटतो, ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’. उच्चारताना स्वर चुकला आणि त्वष्ट्याचा हा पुत्र, वृत्र, इंद्राच्याच हातून मेला. अक्षरे तीच, क्रमही तोच. चुकला तो फक्त आवाजाचा चढउतार.

इथवर पाहिले तर पतंजली अत्यंत कडक वाटतात. पण थोडे पुढे गेले की त्याच आह्निकात आणखी एक गोष्ट भेटते. काही ऋषी होते. रोजच्या बोलण्यात ते एका साध्या वाक्याचा उच्चार इतका बिघडवून करत, की लोक त्यांना त्या बिघडलेल्या उच्चारावरूनच ‘यर्वाण-तर्वाण’ म्हणू लागले. तरीही ते ऋषी ज्ञानी होते आणि पतंजली त्यांचा उल्लेख आदराने करतात. कारण यज्ञकर्मात ते अपशब्द उच्चारत नसत. व्याकरणाच्या सर्वांत मोठ्या कैवाऱ्याने नियमाची हद्द अशी स्वतःच आखून दिली आहे. परंपरेने हाती सोपवलेला मंत्र म्हणताना काटेकोरपणा हवा. घरी-दारी बोलताना ज्ञानी माणसाची जीभही सैल असली तरी चालते.

पतंजली याहूनही एक मोठी गोष्ट मान्य करतात. शुद्ध शब्दाने जसा अर्थ कळतो, तसाच अशुद्ध शब्दानेही कळतो. अडते ते पुण्याच्या बाबतीत. शुद्ध शब्द वापरण्याचा नियम केला आहे तो धर्मासाठी. ‘गौः’ हा शब्द शुद्ध आणि ‘गावी’, ‘गोणी’ यांसारखी लोकांच्या तोंडची रूपे म्हणजे अपभ्रंश, असे ते सांगतात. या मापाने आपली ‘गाय’ही अपभ्रंशच ठरते, आणि तिच्याबरोबर सगळी मराठी. ज्या भाषेला या शास्त्राच्या लेखी मान नव्हता, त्याच भाषेत १२९० साली ज्ञानेश्वरी उभी राहिली. सहाशे वर्षांनी, १९०९ साली, इतिहासाचार्य राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे स्वतंत्र व्याकरण लिहिले. अपभ्रंश म्हणून बाजूला सारलेल्या बोलीला स्वतःची पक्की घडण होती, हे त्यांनी प्रत्ययांपर्यंत जाऊन दाखवून दिले.

पतंजलींनंतर हा वाद दोन टोकांना गेला. भर्तृहरींनी ‘वाक्यपदीया’त व्याकरणाला मोक्षाचे द्वार म्हटले. उलट, आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘भज गोविंदम्’मध्ये मरण जवळ आले असता व्याकरणाचे सूत्र घोकत बसणाऱ्याला बजावले आहे, की हे घोकणे तुला तारणार नाही. एक प्रसिद्ध सुभाषित तर थेट विभक्तीवरच बोट ठेवते. विष्णूला नमन करताना अडाणी माणूस चतुर्थीचे रूप चुकवून ‘विष्णाय’ म्हणतो, जाणता ‘विष्णवे’ म्हणतो. पुण्य दोघांना सारखेच, कारण देव भाव घेतो. पूजेच्या शेवटी गुरुजी जी क्षमायाचना म्हणतात तिच्यातही अक्षर गळले, मात्रा कमी पडली तर क्षमा कर, अशी विनंती असते. ज्या विधीला मंत्राची अचूकता हवी असते, त्या विधीनेच चुकणाऱ्यासाठी शेवटी जागा ठेवलेली आहे.

मराठीत व्याकरण जन्माला आले तेही धर्माच्या गरजेतून. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांना पंडित शिष्य संस्कृतात प्रश्न विचारू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना मराठीतच विचारायला सांगितले, अशी नोंद ‘स्मृतिस्थळा’त आहे. पण संस्कृत बाजूला ठेवले म्हणून शब्दांची हयगय झाली, असे घडले नाही. स्वामींचे मराठी वचन हेच शास्त्र ठरल्यावर त्यातला एकेक शब्द जपणे भाग पडले. ‘लीळाचरित्रा’त एखाद्या प्रसंगाची आठवण दोघांनी वेगवेगळी सांगितली असेल, तर कोणाचे म्हणणे काय, हे नावानिशी नोंदलेले आढळते. स्वामींच्या सूत्रांचा अर्थ नेमका लागावा म्हणून चौदाव्या शतकात भीष्माचार्यांनी ‘पंचवार्तिक’ लिहिले, आणि मराठी व्याकरणाचा पहिला प्रयत्न म्हणून त्याच ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. पुढे १५८४ साली एकनाथांनी पाठभेदांनी गढूळ झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि तिच्यात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सचे कोकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली राचोलला छापले गेले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला निघाले. पंथ वेगळे, देव वेगळे, पण श्रद्धेचा शब्द दुसऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचावा, ही निकड सगळीकडे एकच.

चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने आपले वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले होते. ते उजेडात आणणाऱ्यांमध्ये ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले.

आता वर्तकनगरात येऊ. गणेशोत्सवात म्हाडाच्या वसाहतीतून, पोखरण रस्त्यालगतच्या सोसायट्यांतून संध्याकाळी आरत्यांचा गजर सुरू होतो. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ सगळ्यांना तोंडपाठ, पण तीन शब्द हमखास घसरतात. ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ होते, ‘सदना’चे ‘सजणा’ आणि ‘संकटी’चे ‘संकष्टी’. तीनही चुका वेगळ्या जातीच्या आहेत. पहिलीत गणपतीच्या पोटाला बांधलेला नाग अजिबात नाहीसा होतो आणि मागे उरतात त्या शब्दांना काहीच अर्थ राहत नाही. दुसरीत घरी देवाची वाट पाहणारा रामाचा दास प्रियकराला साद घालणाऱ्या माणसासारखा दिसू लागतो. तिसरीत संकटकाळी धावून ये, ही मागणी जाऊन तिथे एका तिथीचे नाव येते. टाळ्या वाजवत मोठ्याने गाणाऱ्या सात वर्षांच्या पोराचा भाव यामुळे खोटा होत नाही. सुभाषितकाराचा कौल त्याच्याच बाजूने पडेल. पण ज्या मोठ्या माणसांनी त्याला हे शब्द दिले, त्यांची सुटका इतकी सोपी नाही. आरती त्यांनी रचलेली नाही. ती रामदासांच्या नावाने पिढ्यांमागून पिढ्या त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांना ती पुढे द्यायची आहे. पतंजलींनी यज्ञकर्माला लावलेला नियम इथे पुरेपूर लागू पडतो. तेच पोर घरी आजीशी मालवणीत किंवा अहिराणीत बोलत असेल तर तिथे मात्र त्याची जीभ सुधारायला कोणी जाऊ नये.

लिहिण्याच्या बाबतीतही हाच भेद उपयोगी पडतो. ‘दीनानाथ’ म्हणजे दुबळ्यांचा वाली. दी ऱ्हस्व केली की ‘दीन’चा ‘दिन’ होतो आणि दुबळ्यांचा वाली दिवसाचा स्वामी बनतो, म्हणजे सूर्य. भक्तीवर लिहिणाऱ्याने इथे हयगय केली तर वाचकाच्या हाती दुसराच देव पडतो. वेलांटी नीट पाहणे हे अशा वेळी वाचकाविषयीचे कर्तव्य आहे आणि ते टाळता येत नाही.

पण व्याकरणाचा एक वापर अन्यायाचाही झाला आहे. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली आली, त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाच्या चुकांची खिल्ली उडवली. चिपळूणकरांनी मराठी गद्याला बळ दिले, याबद्दल वाद नाही. मात्र फुले विचारत होते ते प्रश्न धर्माचे होते: निर्माणकर्त्याने सगळी माणसे सारखी निर्माण केली असतील, तर काहींच्या माथी गुलामी कोणी लादली? या प्रश्नाला विभक्तीच्या चुका दाखवून उत्तर मिळत नाही. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्या वतीने बोलणाऱ्याला अक्षराच्या चुकीवरून हिणवणे हे तर फारच क्रूर होते. फुले थांबले नाहीत. १८८८ साली अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढला. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापले गेले आणि आजही धर्मचिंतनाचा ग्रंथ म्हणून वाचले जाते.

‘शुद्ध’ काय, हेही कायमचे ठरलेले नसते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’ या शब्दांवरचे अनुच्चारित अनुस्वार पुसले. एका पिढीने जे न लिहिल्याबद्दल छड्या खाल्ल्या, ते लिहिल्याबद्दल पुढच्या पिढीचे गुण कापले गेले. याच नियमावलीत चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापताना मुळाबरहुकूम छापावे, असा एक नियम आहे. ‘निबंधमाले’च्या आदल्या वर्षी निघालेल्या ‘गुलामगिरी’ची भाषा आता या नियमाच्या आधाराने जशीच्या तशी जपायची आहे.

तेव्हा व्याकरणाचे महत्त्व किती, याचे उत्तर शब्द कोणाचा आहे यावर ठरते. आरती, अभंग, सूत्र, ओवी हा दुसऱ्याचा ठेवा आहे. तो सांभाळताना कानामात्रेचीही सूट घेऊ नये. आपला अनुभव आणि आपली शंका यांचा शब्द आपला असतो; तो लिहिण्यासाठी व्याकरणाची परवानगी लागत नाही. लिहून झाल्यावर तो वाचकाला नीट कळावा म्हणून तपासून घ्यावा लागतो, आणि तपासणे शिकता येते. दादोबांनी व्याकरण लिहिले ते शाळेतल्या पोरांना भाषा यावी म्हणून.

वर्तकनगरात ज्यांच्या वडिलांनी वारी केली, ज्यांच्या आईला ओव्या येत होत्या, ज्यांचा स्वतःचा देवावरचा विश्वास कधीतरी डळमळला आणि पुन्हा बसला किंवा बसलाच नाही, अशी माणसे इमारती-इमारतींत आहेत. त्यांनी हे लिहायला हवे, आपल्या बोलीत सुचेल तसे लिहायला हवे. आणि शेजारच्या ज्या शिक्षकाकडे, ज्या जाणकाराकडे ते वही घेऊन जातील, त्याला एक विनंती: हातात लाल पेन घेण्याआधी मजकूर शेवटपर्यंत वाचा, लिहिणाऱ्याशी त्यातल्या म्हणण्याविषयी बोला, आणि मग त्याच्या शेजारी बसून वेलांट्या दुरुस्त करून द्या.