रिक्थ आणि ऋण

हुलसूरपासून जवळच असलेल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळी विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा त्यातील विचार पुढे शतकानुशतके बहुतांश भारतात प्रमाण मानला गेला. मूळ स्मृतीतच एक नियम आहे: वाटणी करताना रिक्थ आणि ऋण, म्हणजे वारसा आणि कर्ज, दोन्ही समान वाटून घ्यावे. शेत स्वीकारावे आणि कर्ज नाकारावे, हे धर्माला मान्य नाही. हा नियम जमीनजुमल्यापुरताच आहे, की ज्ञानाच्या वारशालाही तो लागू पडतो?

या प्रश्नाचे एक रूप आपल्या शेजारीच पाहता येते. १९५६ पर्यंत आपल्या बीदरप्रमाणेच हैदराबाद राज्यात असलेल्या मुलखात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा योजिली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशी लहर प्रथम टिपली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत. गोंगाटातून ती वेचून काढण्याची गणिती रीत घडविण्यात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. परंतु रीत कागदावर असून भागत नाही. ती सॉफ्टवेअरमध्ये उतरवावी लागते.

या कामी वापरले जाणारे ‘लॅलसूट’ हे सॉफ्टवेअर एकसंध नाही. तळाशी सर्वसाधारण गणिताचा घटक, त्यावर लहरींचे नमुने रचणारा, त्याहून वर निरनिराळ्या प्रकारचे शोध घेणारे घटक, अशी त्याची रचना आहे. हे घटकही पुन्हा ‘एफएफटीडब्ल्यू’, ‘जीएसएल’ यांसारख्या, इतरांनी लिहून मुक्तपणे दिलेल्या गणिती संचांवर उभे आहेत. बांधणी करताना खालचा घटक आधी, वरचा नंतर. पहिल्याला दुसरा हवा आणि दुसऱ्याला पहिला, असे झाले की नैयायिकांनी सांगितलेला अन्योन्याश्रय दोष घडतो आणि बांधणीला आरंभच होत नाही. दोघांना तिसऱ्याच्या भिन्न आवृत्त्या हव्या असल्या, तर कलह ठरलेला. म्हणून घटक वेगळे ठेवावे लागतात आणि कोण कोणाच्या कोणत्या आवृत्तीवर विसंबून आहे, हे लिहून ठेवावे लागते. वाटणीपत्राचा हेतू तरी याहून निराळा काय असतो?

येथे दोन मोह संभवतात. पहिला, सारे आपल्याच घरात आणून ठेवण्याचा. परक्याचा घटक उचलून आपल्यात मिसळला, की मूळ ठिकाणी पुढे होणाऱ्या दुरुस्त्या आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. स्वावलंबनाचा आभास तेवढा उरतो. दुसरा मोह घेऊन विसरण्याचा. ‘एक्सझेड’ हे माहितीचा संक्षेप करणारे छोटे साधन असंख्य संगणकांत वापरले जाते. त्याची देखभाल अनेक वर्षे मुख्यतः एकच विनावेतन स्वयंसेवक करीत होता. तो थकला असता एका अनोळखी व्यक्तीने दोन-अडीच वर्षे मदत करून विश्वास संपादिला आणि त्यात चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये एका अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, म्हणून तो उघडकीस आला. पहिला दोष फसविणाऱ्याचा, यात संशय नाही. परंतु त्या साधनावर विसंबलेल्या कितीजणांनी ते कोण सांभाळतो याची चौकशी केली होती?

कोणी म्हणेल, देणाऱ्याने विनाअट दिले, मग ऋण कसले? कायद्याचे ऋण नाही, हे खरे. परंतु नैतिक ऋण देणाऱ्याच्या मागणीतून जन्मत नाही. ते घेणाऱ्याच्या विसंबण्यातून जन्मते. चुली वेगळ्या झाल्या तरी सामाईक विहीर राहतेच, आणि जो पाण्याची पाळी घेतो त्याला गाळ काढण्याच्या दिवशीही हजर राहावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये गाळ काढणे म्हणजे दोष कळविणे, दुरुस्ती मूळ ठिकाणी पाठविणे, सांभाळणाऱ्याला वेतन मिळेल असे पाहणे आणि शोधनिबंधात त्याचे नाव घेणे. औंढ्याची वेधशाळा पहिली लहर टिपील तेव्हा भुजांचे आणि आरशांचे कौतुक होईलच. त्या दिवशी या अनाम घटकांच्या देखभालीसाठीही अंदाजपत्रकात एक रकाना असावा. कल्याणात सांगितलेल्या न्यायाला तेच धरून होईल.