पायाखालचा बर्फ



पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकात, एम्परर पेंग्विन हा पक्षी राहतो. ऐन थंडीच्या तोंडावर मादी एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठी समुद्राकडे निघून जाते. नर ते अंडे पायांवर घेऊन पोटाच्या कातडीखाली झाकतो आणि सुमारे दोन महिने अन्नावाचून उभा राहतो. हिमवादळात हजारो नर एकमेकांना खेटून ऊब देतात. परमेश्वराने त्याच्या ठायी ठेवलेली ही माया पाहून आपल्याला संत योसेफाची आठवण होते.

हा सारा संसार बहुधा गोठलेल्या समुद्रावर मांडलेला असतो. पिलांना पाण्यात तगणारी पिसे डिसेंबर-जानेवारीत येतात. तोवर बर्फ टिकावा लागतो. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो आधीच फुटला. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांना दिसले, की तेथील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिलू वाचले नाही.

आईबापांच्या निष्ठेत काही उणे नव्हते. उणा पडला तो पायाखालचा बर्फ. आपण माणसे कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळतो. त्यातून निघणारा कार्बन वायू एका गावापुरता राहत नाही. तो साऱ्या पृथ्वीभोवती पसरतो आणि उष्णता धरून ठेवतो. ही उष्णता अशीच वाढत गेली, तर शतकाच्या अखेरीस दहापैकी नऊ वसाहती जवळजवळ नामशेष होतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

‘त्या पक्ष्याशी आमचा काय संबंध?’ असे आपण म्हणू. आपल्या भावाविषयी काइनानेही असेच हात झटकले होते. परंतु नोहाबरोबर केलेला करार परमेश्वराने प्रत्येक सजीवाशीही केला, हे आपण उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात वाचतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून सृष्टीच्या बाबतीतही आपल्याला हृदयपालटाचे आवाहन केले.

मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच करायचे राहून गेलेल्या गोष्टींचीही कबुली देतो. या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेनंतर घरातील सर्वांनी मिळून विचार करू या: कोणती गाडीफेरी टाळता येईल? लग्नसमारंभातील कोणती रोषणाई कमी करता येईल? तेवढ्याने समुद्र पुन्हा गोठणार नाही; पण जे आपल्या हाती सोपवले आहे, ते सांभाळायला आपण शिकू.

हे प्रभो, जे आमच्या डोळ्यांआड मरतात, त्यांचीही आम्हांला काळजी वाटू दे. आमेन.