महाग फोन आणि पुरेसेपणाची सीमा

भारतात पंधरा-वीस हजार रुपयांच्या स्मार्टफोनवर बोलणे, संदेश, यूपीआयने पैसे देणे, नकाशा, बँकेची कामे आणि बऱ्यापैकी छायाचित्रे एवढे सगळे होते. ऐंशी हजार ते लाखभर रुपयांचा फोन घेणारेही दिवसाचा बराच वेळ हीच कामे करतात. मधल्या साठ ते पंच्याऐंशी हजारांत काय मिळते, हा या निर्णयाचा तांत्रिक भाग आहे. ते घेणे योग्य आहे का, हा नीतीचा भाग. वस्तू किती असावी, कशासाठी असावी आणि कुठे थांबावे, याचा विचार भारतीय दर्शनांनी व पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी फोन येण्याच्या फार आधी केला आहे आणि तो या खरेदीला थेट लागू पडतो.

जादा पैशात मिळणाऱ्या गोष्टी खऱ्या असतात. मोठा संवेदक आणि ऑप्टिकल झूम असलेला कॅमेरा, उन्हातही नीट दिसणारा स्क्रीन, वेगवान प्रोसेसर, पाणी व धूळ यांपासून संरक्षण आणि अनेक वर्षे मिळणारे सुरक्षा अपडेट या त्यांतल्या मुख्य. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. त्यामुळे किमतीला वापराच्या वर्षांनी भागून हिशेब करावा लागतो. ऐंशी हजारांचा फोन सात वर्षे वापरला तर वर्षाला सुमारे ११,४०० रुपये पडतात. वीस हजारांचा फोन तीन वर्षांनी बदलला तर सुमारे ६,७००. फरक वर्षाला पावणेपाच हजारांच्या आसपास राहतो आणि तो अनेकांना झेपणारा असतो. मात्र नवे मॉडेल आले म्हणून तोच महाग फोन दोन वर्षांत बदलला, तर खर्च वर्षाला चाळीस हजारांवर जातो. जुना फोन विकून काही रक्कम परत आली तरी अंतर मोठेच राहते. टिकाऊपणासाठी पैसे मोजून वस्तू टिकण्याआधीच सोडून देणारा ग्राहक जे विकत घेतो, ते वापरतच नाही.

ॲडम स्मिथ यांनी १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ या ग्रंथात घड्याळाच्या निमित्ताने हाच प्रश्न मांडला आहे. घड्याळांचा एक शौकीन दिवसाला दोन मिनिटांहून अधिक मागे पडणारे घड्याळ दोनेक गिनींना विकून टाकतो आणि पंधरवड्यात जेमतेम मिनिटभर चुकणारे दुसरे घड्याळ पन्नास गिनींना घेतो. घड्याळ असते ते वेळ कळावी आणि ठरलेली वेळ चुकू नये म्हणून. तरीही हा माणूस इतरांहून अधिक वक्तशीर असतोच असे नाही. त्याला ओढ असते ती यंत्राच्या अचूकपणाची. साधन आपल्या कामाला किती चोख उतरते, याचे कौतुक त्या कामाहून मोठे होऊन बसते. स्मिथ या ओढीची केवळ निंदा करत नाहीत. माणसाला उद्योगाला लावणारी शक्ती ते तिच्यातच पाहतात, पण तिला भ्रम म्हणायलाही कचरत नाहीत. महाग फोनच्या जाहिरातीत दिसणारे आकडे या भ्रमावरच पोसले जातात. दूरवरचे टिपणारा कॅमेरा घेतला आणि वर्षभर त्यावर पावत्या, सूचनाफलक आणि ताटातले पदार्थच टिपले, तर जादा पैसे यंत्राच्या क्षमतेला दिले गेले, स्वतःच्या कामाला नव्हे.

काम कोणते आणि हौस कोणती, हे ओळखण्यासाठी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याने इच्छांचे तीन वर्ग केले: नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या, पोकळ समजुतीतून जन्मणाऱ्या. बौद्ध परंपरेत भिक्षूने चीवर, अन्न, निवारा आणि औषध या चार वस्तू वापरताना त्यांचे प्रयोजन मनाशी आठवायचे असते. चीवर थंडी-वारा आणि डास-माश्या यांपासून रक्षणासाठी व लज्जारक्षणासाठी आहे, शोभेसाठी नाही, असे हे स्मरण. दोन्ही परंपरांत वस्तूची किंमत आधी येत नाही, प्रयोजन आधी येते.

प्रयोजन मात्र माणसागणिक बदलते, म्हणून एखादी वस्तू सरसकट चैनीची ठरवता येत नाही. आयफोनच्या प्रो मॉडेलांत २०२० पासून लिडार हा अंतर मोजणारा संवेदक आहे. त्याच्या आधारे फोन अंध वापरकर्त्याला समोरचा माणूस किती अंतरावर आहे आणि दार कुठे आहे हे सांगू शकतो. स्वस्त मॉडेलांत हा संवेदक नसतो. बहुसंख्य ग्राहकांना ज्याचे नावही ठाऊक नसते, तो भाग अशा व्यक्तीला स्वतंत्रपणे वावरण्यासाठी मोलाचा ठरतो. लग्नसमारंभांची चित्रफीत करून पोट भरणाऱ्यासाठी चांगला कॅमेरा हे भांडवल असते. गरज वस्तूत शोधून सापडत नाही. ती वापरणाऱ्याच्या आयुष्यात शोधावी लागते.

प्रतिष्ठेचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले की पुष्कळ खर्च इतरांच्या नजरेत भरण्यासाठी होतो आणि तिथे वस्तूचा महागपणा हाच तिचा गुण बनतो. याला दुसरीही बाजू आहे. स्मिथ यांनीच १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये लिहिले की लिननचा सदरा जगण्यासाठी अत्यावश्यक नसला, तरी त्यांच्या काळच्या युरोपात त्याच्याविना चारचौघांत जाण्याची मजुरालाही लाज वाटे, म्हणून तो गरजेतच मोडतो. आज साधा स्मार्टफोन हा असा सदरा झाला आहे. त्याच्याविना सरकारी योजना, शिक्षण आणि व्यवहार यांत माणूस मागे पडतो. महाग फोन मात्र त्या जागी पोहोचलेला नाही. महाविद्यालयातल्या किंवा कार्यालयातल्या मंडळींच्या नजरेची लाज वाटून जो असा फोन घेतो, त्याने त्या नजरेला आपल्या मिळकतीवर अधिकार दिलेला असतो, आणि तो परत मिळवणे फोन विकण्याइतके सोपे नसते.

या ठिकाणी अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपलीकडे संग्रह न करण्याचा, विचार सर्वांत उपयोगी पडतो. पतंजलींच्या योगसूत्रांत तो पाच यमांपैकी एक आहे. जैन परंपरेने त्याची गृहस्थासाठी केलेली मांडणी विशेष व्यवहार्य आहे. साधूने सर्वस्व सोडावे. श्रावकाने, म्हणजे गृहस्थाने, परिग्रह-परिमाण व्रत घ्यावे, म्हणजे जमीन, घर, सोने-चांदी, धान्य, वस्त्र-भांडी यांची मर्यादा स्वतः ठरवावी आणि ती ओलांडू नये. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तू बाळगणे असे केलेले नाही, तिच्याविषयीची आसक्ती असे केले आहे. उपासकदशा या आगमग्रंथात आनंद नावाच्या गृहस्थाची कथा येते. महावीरांकडून व्रते घेताना तो आपली संपत्ती टाकून देत नाही. आहे त्यापुढे ती वाढू देणार नाही असे ठरवतो, आणि अंग पुसण्याच्या वस्त्रापासून फळांपर्यंत रोजच्या वस्तूही नेमून घेतो. श्रीमंत माणूस श्रीमंतच राहतो, पण त्याची हाव थांबते.

या व्रताचे मर्म सीमा आधी आखण्यात आहे. दुकानात किंवा मोबाइलच्या संकेतस्थळावर उभ्या राहिलेल्या ग्राहकासमोर प्रत्येक मॉडेलच्या वर दोन-तीन हजारांनी महाग असे दुसरे असते, आणि प्रत्येक पायरी एकेकटी क्षुल्लक वाटते. हप्त्यांची सोय ही पायरी आणखी बुटकी करते. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी शुल्कात किंवा गमावलेल्या सवलतीत दडलेले असते. मोह समोर उभा असताना आखलेली सीमा त्याच्या सोयीने सरकते. घरी, मिळकत आणि इतर जबाबदाऱ्या समोर ठेवून आखलेली सीमा टिकण्याची शक्यता अधिक.

अपरिग्रह म्हणजे आनंदाचा द्वेष नव्हे. चार पुरुषार्थांत अर्थ आणि काम यांना मानाचे स्थान आहे. अट एवढीच की ते धर्माच्या कक्षेत असावेत. तुकोबांनीही संसारी माणसाला धन मिळवू नको असे सांगितले नाही. ते सचोटीने मिळवावे आणि त्यात मन न अडकवता खर्चावे, असे सांगितले. कर्ज न काढता, कुणाचा घास न हिरावता, सुबक यंत्राच्या आनंदासाठी घेतलेला फोन निषिद्ध ठरत नाही.

घास हिरावला जातो की नाही, हा शेवटचा प्रश्न आहे आणि तो टाळता येत नाही. महात्मा गांधींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी लिहिलेल्या पत्रांत, गरज नसलेली वस्तू घेणे हीदेखील चोरीच मानली. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ च्या निबंधात हाच युक्तिवाद टोकाला नेला: चैनीवरचा पैसा कुणाचा जीव वाचवू शकत असेल, तर तो चैनीवर खर्चणे अनैतिक आहे. ही कसोटी एवढी कठोर आहे की तिच्यापुढे फारच थोडे खर्च टिकतील. तरीही फोनच्या बाबतीत तिचा एक भाग ठोस आहे. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टचा सर्वांत मोठा पुरवठा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून होतो आणि तिथल्या छोट्या खाणींत बालकांच्या श्रमाचा प्रश्न वारंवार पुढे आला आहे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांच्या रीतसर पुनर्चक्रीकरणाची नोंद आहे. फोनच्या आयुष्यातला बहुतांश कार्बन तो बनवतानाच बाहेर पडतो. म्हणून इतरांवर पडणारा भार किमतीपेक्षा बदलण्याच्या वेगावर अधिक ठरतो. सात वर्षे चाललेला महाग फोन दर दोन वर्षांनी फेकलेल्या स्वस्त फोनांपेक्षा अधिक नीतिमान असू शकतो. युरोपीय संघाने जून २०२५ पासून स्वस्त-महाग सर्व स्मार्टफोनांना विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन घातले आहे. टिकाऊपणा हा केवळ श्रीमंतांचा हक्क राहू नये, हे त्यामागचे तत्त्व रास्त आहे.

या विचारातून निर्णयाचा क्रम ठरतो. प्रथम, जादा गुणांपैकी कोणता गुण प्रत्यक्ष केल्या जाणाऱ्या कामाला लागतो, ते पाहावे. असा गुण नसेल आणि उरलेली ओढ निखळ आनंदाची असेल, तर तिला तसेच नाव द्यावे, गरज म्हणू नये. ती ओढ इतरांच्या नजरेची असेल तर थांबावे. नंतर रकमेची आणि वर्षांची सीमा खरेदीआधी आखावी, कर्ज टाळावे आणि त्या पैशावर घरातल्या वा बाहेरच्या कुणाचा अधिक निकडीचा हक्क आहे का, हे तपासावे. या सगळ्यांतून पार झालेला महाग फोन त्याच्या किमतीला उतरतो. जो होत नाही, तो सवलतीत मिळाला तरी महागच असतो.