डचेसची बदनामी

'द डचेस' हा २००८ सालचा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा जॉर्जियानाची दया आली. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला माझ्या दयेचाच संशय आला.

जॉर्जियाना स्पेन्सर (हो, डायनाच्याच घराण्यातली) १७७४ मध्ये, सतराव्या वाढदिवसाच्या सुमारास, डेव्हनशरच्या ड्यूकची बायको झाली. नवरा घुमा. वारसासाठी तगादा. तिची जिवलग मैत्रीण बेस फॉस्टर नवऱ्याची रखेल झाली आणि त्याच घरात राहिली. जॉर्जियाना तरुण चार्ल्स ग्रेच्या प्रेमात पडली, त्याच्यापासून मुलगी झाली, ती ग्रेच्या आईवडिलांकडे सोपवावी लागली. हे सगळे खरेच घडलेले आहे, आणि किरा नाइटलीने ते जीव ओतून केले आहे. वेशभूषेला ऑस्कर मिळाले, तेही रास्तच.

पण तिच्या काळाने तिला सर्वांत जास्त झोडपले ते यासाठी नव्हे. सरदारांच्या वाड्यांत भानगडी नव्या नव्हत्या. बोभाटा होऊ नये, एवढीच अट असे. बोभाटा झाला तो १७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत. चार्ल्स फॉक्स या उमेदवारासाठी ही डचेस दुकानदारांच्या, कारागिरांच्या दारात मते मागत फिरली. मतदान चाळीस दिवस चालले, आणि व्यंगचित्रकारांची दिवाळीही तेवढेच दिवस. रोलंडसनने तर ती मतासाठी खाटकाचे चुंबन घेते आहे असे चित्र काढले. प्रचारात दुसऱ्याही बायका होत्या, विरुद्ध बाजूलासुद्धा. पण सगळ्यांत जास्त चिखल उडाला तो हिच्यावर. फॉक्स मात्र निवडून आला.

चित्रपटात सभा आहेत, पण प्रेमकथेच्या मागचा पडदा म्हणून. जुगारात तिने करून ठेवलेली प्रचंड कर्जे, ती नवऱ्यापासून लपवण्यासाठी वर्षानुवर्षे मारलेल्या थापा, यांना तर जवळपास रजाच दिली आहे. का, ते उघड आहे. सोशिक नायिका कुठल्याही भाषेतल्या तिकीटबारीला मानवते; राजकारणाची चटक लागलेली, उधळी, खोटे बोलणारी बाई मानवत नाही. तिच्यावर अन्याय झाला हे दाखवताना तिचे कर्तृत्व आणि तिचे दोष, दोन्ही काढून घेतले गेले. व्यंगचित्रकारांनी निदान तिला रस्त्यावर तरी उभी केली होती.

जॉर्जियाना १८०६ मध्ये वारली. तिचा चार्ल्स ग्रे पुढे पंतप्रधान झाला आणि १८३२ मध्ये त्याच्याच सरकारने मतदानसुधारणेचा कायदा आणला. मतदार म्हणजे 'पुरुष', असे ब्रिटिश कायद्यात स्पष्ट लिहिले गेले ते त्याच कायद्यात.