मामंजींची पद्मिनी

आमच्या दारात १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मामंजींनी घेतलेली. घरात तिला कुणी 'गाडी' म्हणत नाही, 'पद्मिनी' म्हणतात, माहेरी येऊन राहिलेली एखादी आत्या असावी तशी. माझी वरात तिच्यातून आली, दोन्ही मुलं दवाखान्यातून तिच्यातूनच घरी आली. मामंजींना तिचा आणखी एक अभिमान होता. प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, आपल्या समाजाचे. "आपल्या माणसाची गाडी," असं ते पाहुण्यांना दोनदा तरी सांगायचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीची गोष्ट. हे चालवत होते, मी शेजारी. टिळकवाडीत शाळा सुटली होती. सायकलवरची एक मुलगी अचानक आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, तेव्हा कुठं धरला. गाडी थांबली तेव्हा तिचं मागचं चाक आणि आमचा बंपर यांत वीतभर जागा असेल. पोरगी आमच्याकडे बघून हसली आणि निघून गेली. तिला काही कळलंच नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मिस्त्रींनी चाकं काढली. मास्टर सिलिंडरचं रबर गेलेलं, मागच्या एका चाकातून तेल पाझरत होतं. "अक्का, हिला चारी चाकांना ड्रम हाईत, आणि तेलाची लाइन एकच. एका जागी गळलं की चारी चाकं गेली म्हणायची." मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आहे तेच नीट करायचं : नवे शू, नवे सिलिंडर, नवे होज, सगळं जुन्या पद्धतीचं. दुसरी, पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायची आणि मास्टर सिलिंडर दोन लाइनींचा घालायचा, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते. "करायचं तर पुरतं करा. अर्धवट केलं तर पुढचं जास्त धरतंय, मागचं कमी, आणि गाडी ओढती."

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, डिस्क. यात विचार कसला?" हे म्हणाले, "मग बाबांची गाडी कुठं राहिली?"

मला ह्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता आलं नाही. जुनं जसंच्या तसं राखण्यात एक सचोटी असते. आमच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. तिचा एक दगडसुद्धा कुणी सोयीसाठी बदलू नये असंच मला वाटतं. पण बस्ती कुणाच्या अंगावर धावून जात नाही.

आणि 'जसंच्या तसं' म्हणजे नेमकं काय? पद्मिनीची बॅटरी, टायर, सीटची कव्हरं कितीदा बदलली. तेव्हा कुणाला बाबा आठवले नाहीत. मामंजी कशी चालवायचे ते मला चांगलं आठवतं. चाळीसच्या वर काटा नाही. पुढच्या गाडीपासून एवढं अंतर, की मागचे हॉर्न वाजवून बेजार. गोव्याला जाताना चोर्ला घाटात ते ब्रेकवर पाय ठेवून कधी उतरले नाहीत. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब सरकतो, पेडल खोल जायला लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे पद्मिनीचा निम्मा ब्रेक चाकात होता आणि निम्मा मामंजींच्या स्वभावात. शिवाय रस्ता रिकामा होता. आज तेवढं अंतर ठेवलं तर त्यात तीन दुचाक्या घुसतात. मिस्त्री १९८२ चा ब्रेक परत देतील हो, १९८२ चा रस्ता कुठून आणायचा?

आपले महाराज चालताना पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. ईर्यासमिती लहानपणापासून पाठशाळेत पाठ केलेली, पण गाडीत बसल्यावर तिचा अर्थ मला लागला : जेवढ्यात थांबता येईल तेवढंच पुढं जायचं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिच्या मुळाशी प्रमाद आहे. मारायची इच्छा नव्हती, एवढ्याने सुटका होत नाही. ब्रेक ढिला आहे हे ह्यांना महिनाभर जाणवत होतं आणि मीही "दिवाळीनंतर बघू" म्हटलं होतं. हा माझा प्रमाद. मामंजींची आठवण आमची आहे, तिची किंमत आम्ही मोजावी. त्या सायकलवरच्या पोरीला आमचे मामंजी कोण, हे माहीतसुद्धा नाही.

ह्यांनी एक मुद्दा मात्र बिनतोड काढला. "ब्रेक चांगला झाला की माणूस जोरात चालवतो. मग फायदा काय?" खरंच आहे. मुलाच्या नव्या गाडीत बसून मी ते पाहिलंय. पण वाईट ब्रेकमुळे सावध राहणं हा काही संयम नव्हे, ती भीती. आणि त्या दिवशी भीती असूनही पाय तळाला गेलाच होता.

शेवटी मी एकच विचारलं, "तुम्हाला पद्मिनी चालवायची आहे, की ठेवायची आहे? ठेवायची असेल तर ड्रमच राहू देत, रविवारी सकाळी बस्तीपर्यंत नेऊन आणा. बाजारात, घाटात न्यायची असेल तर बदला." हे दोन दिवस काही बोलले नाहीत. नुसते जेवायचे आणि पोर्चमध्ये जाऊन तिला पुसत बसायचे. मीही पुन्हा विषय काढला नाही. चाळीस वर्षांच्या वस्तूवरची मूर्च्छा कुणाच्या सांगण्याने सुटत नाही, माझ्या शालूच्या ट्रंकेवरून मला ते कळतं.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी मिस्त्रींना फोन केला. पुढं डिस्क बसली. पेडल आता उंचावरच धरतं, पहिले आठ दिवस ह्यांचा पाय जुन्या सवयीने दोनदा दाबायचा आणि मी दरवेळी पुढं फेकली जायची. काढलेले दोन ड्रम मिस्त्री भंगारात टाकत होते. हे म्हणाले, "पोत्यात बांधून द्या." ते पोतं डिकीत आहे. खड्ड्यातून गेलं की मागून खडखड येते. मी अजून काही म्हटलेलं नाही.